पश्चात्ताप आणि पालट
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवातील सायंसभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत वक्त्याने गतकाळाचे गुणगान करावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ते काम माझ्या आधी बोललेल्या मंडळींनी उत्तम प्रकारे पार पाडले. मला समितीने विषय दिला आहे तो पश्चात्तापाचा. सनई वाजत असता कोणी राखेची परडी पुढे करावी, तसा हा विषय काहींस वाटला असेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु घरी जाऊन लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उघडला, तेव्हा ध्यानात आले की, समितीने जाणून केले असो वा नकळत, या प्रसंगाला याहून योग्य असा दुसरा विषय नव्हता.

ज्युबिली हा शब्द ज्या हिब्रू शब्दापासून आला, त्याचा संबंध मेंढ्याच्या शिंगाशी आहे. सात वेळा सात वर्षे लोटली की पन्नासाव्या वर्षी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, इस्राएलात शिंग फुंकले जाई. कोणत्या दिवशी, ते लक्षात घ्या. नववर्षाच्या दिवशी नव्हे, सुगीच्या सणाला नव्हे, प्रायश्चित्ताच्या दिवशी. त्या वर्षी काय करावे, असे नियमशास्त्र सांगते? दास झालेल्याला मोकळे करावे, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन दुसऱ्याच्या हाती गेली असेल त्याला ती परत मिळावी. पताका, मिरवणूक, स्मरणिका यांचा तेथे उल्लेख नाही. जमीन परत करणे, ही मूळची ज्युबिली. बोनिफास आठवे या परमगुरुस्वामींनी 1300 साली रोम येथे पहिले पवित्र वर्ष घोषित केले, तेव्हापासून ख्रिस्तसभेत ज्युबिली म्हणजे पापक्षमेचे वर्ष असा अर्थ रूढ झाला. तोही खराच. परंतु त्याच्या बुडाशी शेताचा बांध आहे, हे आपण गोदाकाठच्या शेतकऱ्यांच्या लेकरांनी विसरू नये.

आता मूळ शब्दाकडे वळू. पश्चात्ताप म्हणजे पश्चात होणारा ताप. कृत्य घडून गेल्यावर मनाला जी आग लागते, ती. शब्द सुंदर आहे, परंतु अपुरा आहे. किंबहुना या शब्दाने आपले थोडे नुकसानच केले आहे, असे मला नम्रपणे वाटते. गालिलात प्रभूने उपदेशास आरंभ केला, त्या प्रसंगी शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठात जो शब्द आहे तो मेतानोइया या शब्दाच्या कुळातला. त्याचा अर्थ मनाचा पालट. आणि संदेष्ट्यांच्या हिब्रूत ज्या क्रियापदाने ही गोष्ट सांगितली जाते, त्याचा साधा अर्थ मागे फिरणे, परतणे. शेतातून घरी परतावे, तसे. यांत तापाचे नाव नाही. ताप असू नये, असे नव्हे. मन जळल्यावाचून माणूस सहसा फिरत नाही. परंतु ज्याला ताप आला तो बरा झाला, असे कोणता वैद्य म्हणेल?

दुःखाच्या शनिवारी नव्हे, तर शुक्रवारच्या पहाटेच दोन माणसे जळत होती. पेत्र अंगणातून बाहेर जाऊन रडला. यहूदाही जळला, इतकेच नव्हे, त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन मंदिरात टाकली. मत्तयाने यहूदाविषयी लिहिताना वापरलेला ग्रीक शब्द निराळा आहे. तो खेदाचा, मन खाण्याचा शब्द आहे, पालटाचा नव्हे. मला तरुणपणी हा प्रसंग कोड्यात टाकी. यहूदाने तर पैसेही परत केले. पेत्राने काय परत केले? पुष्कळ वर्षांनी मला एवढेच उमगले की, यहूदाने पैसे परत केले ते ज्यांच्यापासून घेतले त्यांना. ज्याचा घात केला त्याच्यासमोर तो गेला नाही. पेत्र गेला. समुद्रकाठी प्रभू दिसताच तो तारवातून पाण्यात उडी टाकून गेला, आणि तीन वेळा नाकारलेल्या प्रीतीविषयी तीन वेळा विचारलेला प्रश्न त्याने ऐकून घेतला. त्या प्रश्नांनी तो दुःखी झाला, असे योहान स्पष्ट लिहितो. पालट म्हणजे तोंड फिरवणे. आणि तोंड फिरवले की समोर कोणीतरी उभा असतो.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात एका बाईच्या जीवनात जशी उघड दिसते तशी क्वचितच दिसेल. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हत्या. तथापि त्यांच्यापासून शिकण्यास आपल्याला संकोच वाटू नये. 1858 मध्ये जन्मलेली, दुष्काळात आईबाप व बहीण गमावलेली, भावासह पायी हिंदुस्थान फिरलेली ही विदुषी. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वैधव्य आल्यावर ती पुण्यास आली आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेली. तेथे अँग्लिकन धर्मभगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेले एक घर तिने पाहिले. समाजाने टाकलेल्या, वाममार्गाला लागलेल्या स्त्रिया तेथे राहत होत्या; आणि त्यांच्यापैकी कित्येक इतक्या पालटल्या होत्या की, त्या स्वतःच रोग्यांची शुश्रूषा करीत. अशा स्त्रियांची एवढी काळजी का घेता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीचा अध्याय वाचून दाखवला. शास्त्रार्थात मोठमोठ्यांना निरुत्तर करणारी ही बाई त्या प्रसंगाने हलली. त्याच वर्षी, 29 सप्टेंबर रोजी, वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह तिने बाप्तिस्मा घेतला.

येथे आपण टाळ्या वाजवून कथा संपवतो. रमाबाईंनी ती संपवली नाही. 1907 मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. तिचा आशय असा की, मला बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, 1891 मध्ये, मुंबईत काढलेले त्यांचे शारदा सदन पुण्यास आल्यावर, त्यांना हे कळून आले. सर्व हिंदुस्थानात नाव झालेली, ग्रंथ लिहिलेली, शाळा चालवणारी स्त्री म्हणते की, मला अजून फिरायचे होते! आपण जन्मतः ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी, ज्यांची नावे पाळण्यातच धर्मग्रामाच्या वहीत चढली, त्यांनी यावर काय बोलावे? मग त्या काय करीत बसल्या? रडत नव्हे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या; 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. आणि तेथेच टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन नावाचे निराळे घर त्यांनी काढले. फुलहॅमला जे पाहून त्यांचे मन प्रथम वळले, तेच घर त्यांनी पुणे जिल्ह्यात बांधले. पालटाचे मोजमाप अश्रूंच्या वाटीने नव्हे, असल्या विटांनी करावे.

आता मी दूरच्या गोष्टी सोडून जवळच्या गोष्टीकडे येतो. जवळची म्हणजे माझी. साठी उलटलेल्या शिक्षकाने भर सभेत स्वतःचे पाप सांगावे, हे कित्येकांना रुचणार नाही. परंतु समितीने विषयच असा दिला आहे.

आमचे गाव गोदाकाठी. वडिलांची व चुलत्यांची जमीन एकमेकींना लागून, मध्ये दोनशे पावलांचा बांध. बांध कोरणे म्हणजे काय, ते येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावे लागणार नाही. नांगरताना शेवटचे तास बांधाला अंमळ घासून घ्यायचे. दरवर्षी अर्धी वीत. कोणाच्या डोळ्यांत येत नाही, मातीचा आवाज होत नाही. वडील ते करीत. आणि नांगर माझ्या हाती आला तेव्हा मीही केले. पुढे शिकून या शहरात मास्तर झालो, शेत बटईने दिले; बटईदाराने आमचीच रीत पुढे चालवली आणि मी त्याला एका शब्दाने अडवले नाही. पंचवीस वर्षांत तो बांध सहा हात सरकला. थोरल्या चुलतभावाने, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एकदा बोलणे काढले. शब्दाने शब्द वाढला. अबोला धरला गेला. सणाला गावी गेलो की मिस्साबलिदानाला आम्ही देवळाच्या दोन बाजूंना बसत असू. एकमेकांना शांती द्या, असे धर्मगुरू म्हणत तेव्हा मी शेजारच्या पोरासोरांना मोठ्या उत्साहाने शांती देत असे.

बंधूंनो, मी पापनिवेदन चुकवणारा नव्हतो. दर प्रायश्चित्तकाळात कपाळाला राख लावून मी जाई आणि सांगे की, चुलतभावाशी माझा अबोला आहे, मन कडू आहे, याचे मला फार दुःख होते. दुःख खरेच होई. कधी डोळे भरून येत, आणि डोळे भरून आले म्हणजे मला स्वतःविषयी चांगले वाटे. असे अकरा वर्षे चालले. अकराव्या वर्षी जाळीपलीकडे एक वृद्ध धर्मगुरू होते. त्यांनी नेहमीप्रमाणे प्रायश्चित्त न सांगता विचारले, "अबोला कशावरून?" मी म्हणालो, "बांधावरून." "बांध कोणी सरकवला?" मी गप्प राहिलो. ते काही वेळ थांबले आणि हळूच म्हणाले, "मग अबोल्याचे पाप आपण सांगितलेत. बांधाचे कोण सांगणार?"

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1551 मध्ये या साक्रामेंताविषयी जी शिकवण मांडली, तीत पश्चात्तापी माणसाकडून तीन गोष्टी मागितल्या आहेत: अंतःकरणाचा अनुताप, पापाचे निवेदन आणि प्रायश्चित्त. दुसऱ्याचे घेतले असेल तर ते परत करण्याचा निश्चयही अनुतापातच धरला जातो. तो नसेल तर अनुताप खरा नाही. हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षे मुलांना शिकवले आहे. मुलांना पेन्सिलीचे उदाहरण देत असे. बांधाचे उदाहरण मला कधी सुचले नाही.

आपल्या शहरातील कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्स यांची मला त्या दिवसांत फार मदत झाली. त्यांच्या नावे स्थापन झालेल्या संघाचे फ्रेंच मिशनरी आपल्या वाडवडिलांच्या गावांत आले, हे आपण जाणताच. संसारी माणसांसाठी लिहून 1609 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात हे संत एक विलक्षण गोष्ट सांगतात: आपल्या दोषांवर संतापू नका, स्वतःवर चिडणे हाही पुष्कळदा गर्वच असतो, रागीट न्यायाधीशापेक्षा शांत न्यायाधीश अधिक नीट शिक्षा करतो, तसे आपल्या मनाला समजुतीने वळवा. मी अकरा वर्षे स्वतःवर चिडत होतो. चिडणे स्वस्त पडत होते. शांतपणे विचार केला तेव्हा एकच काम उरले, आणि ते सरकारी मोजणीचे होते.

मोजणी झाली. जुन्या हद्दीच्या खुणा सापडल्या. आमच्याकडे आलेली पट्टी सुमारे चार गुंठे भरली. मी दादांच्या घरी गेलो. खरे सांगतो, वाटेत मी मनाशी एक चित्र रंगवले होते: दादा उठतील, गळ्यात पडतील, वहिनी पदराने डोळे पुसतील, आणि उधळ्या पुत्राच्या गोष्टीतल्यासारखे काहीतरी होईल. दादा ओट्यावर बसले होते. ते उठले नाहीत. मी म्हणालो, "दादा, बांध आमच्याकडून सरकला. मी मोजणी करून आणली. पुन्हा जागेवर घालून देतो." त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आणि इतक्या वर्षांचं पीक?"

मी तेथून उठलो तो जळत. क्षमा मागायला गेलेल्या माणसाला हिशेब विचारतात! माझा सारा पश्चात्ताप गावच्या वेशीपर्यंतही टिकला नाही. रात्री झोप येईना, म्हणून लूकचे शुभवर्तमान उघडले आणि एकोणिसावा अध्याय काढला. यरीहोचा जक्कय, उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका जकातदार, याची गोष्ट मी शाळेत पोरांकडून अभिनयासह करवून घेत असे. त्या रात्री प्रथमच दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही की, प्रभू त्याच्या घरी उतरायला निघाला तो त्याने काही परत करण्याआधी. कृपा अगोदर आली. हिशेब मागून आला. आपल्या जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ पुन्हा पुन्हा गोदेवर जाऊन नाहून आले, शब्दाने रागावले नाहीत, आणि शेवटी तोच त्यांच्या पायांवर पडला. माणूस धमकीने वाकतो, परंतु फिरतो तो बहुधा दयेने. दुसरी गोष्ट माझ्या वर्मी लागणारी होती. जक्कयाला कोणी हिशेब विचारला नव्हता. तो आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला की, अर्धे वित्त दरिद्र्यांना देतो, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट. दादांनी तर फक्त एकपट विचारले होते!

मी कागद घेऊन बसलो. बांध एकदम सरकला नव्हता, हळूहळू सरकला. तेव्हा सरासरी दोन गुंठे धरून, पंचवीस वर्षांची बाजरी काढली. सहा क्विंटलांच्या आतबाहेर झाली. चौपट मला पेलले नाही, हे या सभेपुढे कबूल करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, दुसऱ्याचे लुबाडून ते आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे आहे. मी मोशेपर्यंत पोहोचलो, जक्कयापर्यंत नाही. त्या हिशेबाने पैसे घेऊन पुन्हा गेलो. दादांनी ते दोनदा मोजले आणि आत नेऊन ठेवले. चहा मिळाला, बोलणे झाले नाही.

यावर माझ्या घरी बरीच टीका झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढं करून तुम्हाला मिळालं काय?" त्याचा प्रश्न मी टाळत नाही, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात तोच आहे. आपण पश्चात्ताप करतो, तेव्हा समोरच्याने आपल्याला लगेच क्षमा करावी, ही आपली अट असते. ती अट जोवर आहे, तोवर आपण क्षमा विकत घ्यायला आलेले गिऱ्हाईक आहो. दादांना राग धरण्याचा हक्क होता असे मी म्हणत नाही. तो त्यांचा व प्रभूचा प्रश्न. माझ्याकडे एवढेच होते की, जे त्यांचे होते ते त्यांच्याकडे गेले. आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बारा महिन्यांनी मी जाळीपुढे गुडघे टेकले, तेव्हा मला प्रथमच दुसरी पापे दिसू लागली. अकरा वर्षे तो एक बांध इतका आडवा पडला होता की त्यापलीकडचे काही दिसतच नव्हते. बायकोशी मी कसा बोलतो, शाळेतल्या गरीब मुलाला कोणत्या सुरात हाक मारतो, हे सारे तेव्हा पुढे आले. तेव्हा पालट एकदाच होऊन संपतो, असे कोणी समजू नये. नांगर उलट दिशेने फिरवला की सारे शेत पुन्हा उलट दिशेने नांगरावे लागते.

आपल्या धर्मग्रामात किती बांध सरकलेले आहेत, ते मला ठाऊक नाही. ते सगळे शेतातच असतात असेही नाही. बहिणीच्या वाट्यावर तिची सही घेताना तिला कागद वाचू दिला होता का? घरकाम करणाऱ्या बाईचे मागच्या महिन्याचे पैसे दिले का? मृत्युपत्र, उसनवारी, मंडळाचा हिशेब, लग्न मोडताना पसरवलेली एखादी गोष्ट. शेवटची तर पैशांनी परत करता येत नाही, जेथे जेथे ती सांगितली तेथे तेथे पायांनी जावे लागते. मूळ ज्युबिलीचे शिंग प्रायश्चित्ताच्या दिवशी का फुंकले जाई, ते मला वाटते यावरून समजेल.

माझी गोष्ट अर्धवट राहिली, ती पुरी करून बसतो. बांध मागे गेल्यावर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी शहरातल्या माझ्या दारी दादांचा नातू उभा. हातात वेताची टोपली, वर ओले फडके, आत शेंगदाण्याच्या चटणीसह कोवळा हुरडा. मी विचारले, "आजोबांनी काही निरोप दिला का रे?" पोरगा म्हणाला, "हो. टोपली परत पाठवा म्हणाले."

टोपली मी पाठवली नाही. पुढच्या रविवारी मी ती स्वतः घेऊन गेलो.